कॅनडात फिजिओची डिग्री मान्य करून घेताना इंडियातला अनुभव धरतात का?

ब्रॅम्प्टनची_नवी:
नमस्कार मंडळी, मी एमयूएचएस (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ) नाशिकची बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची बॅचलर, नंतर बरीच वर्षं ऑर्थो ओपीडीत काम केलंय. पीआरवर (कायम रहिवासी म्हणून) इकडे आलो. डब्ल्यूईएसचा (परदेशी डिग्रीची तुलना करून देणारी संस्था) रिपोर्ट आधीच होता, त्यात आपली बॅचलर इथल्या बॅचलरच्या बरोबरीची धरलीय, तर मला वाटलं झालं काम. आता कळतंय की सीएपीआरकडे (कॅनडातल्या फिजिओ नियामकांची संघटना) वेगळं क्रेडेन्शियलिंग, म्हणजे डिग्रीची तपासणी, लागतं. एक मैत्रीण म्हणते प्रायर लर्निंग असेसमेंटमध्ये (आधीच्या शिक्षण-अनुभवाची तपासणी) अनुभव धरतात, काळजी करू नकोस. दुसरी म्हणते इथे फिजिओला मास्टर्सच लागतं, आपली बॅचलर चालणार नाही, गपचूप दोन वर्षांचं एमपीटी (फिजिओचं मास्टर्स) कर. फी बघूनच डोळे पांढरे झाले, शिवाय लेक लहान आहे. नक्की काय करू?

हॅमिल्टनकर:
ताई, एमपीटीचा फॉर्म बिलकुल भरू नका अजून. इथल्या युनिव्हर्सिट्यांत आता फिजिओ मास्टर्सलाच शिकवतात हे खरं आहे, पण बाहेरून शिकून आलेल्यांची बॅचलर डिग्री क्रेडेन्शियलिंगला चालते, आपली कितीतरी मंडळी त्याच्यावरच आत्ता काम करतायत. आणि डब्ल्यूईएसचं म्हणाल तर तो कागद इमिग्रेशनच्या पॉइंट्सपुरता, फिजिओ म्हणून काम करायला त्याचा काडीचा उपयोग नाही. क्रम असा की आधी सीएपीआरचं क्रेडेन्शियलिंग, मग परीक्षा. जुने धागे वाचून तयारी करू नका हां, कारण सीएपीआरची देशभराची क्लिनिकल परीक्षा 2022 मध्ये बंद झाली, 2021 च्या ऑनलाइन परीक्षेचा बोजवारा उडाला होता त्यानंतर. मग ऑन्टॅरिओने स्वतःची काढली, आणि बदल त्यानंतरही चालूच आहेत, त्यामुळे सध्याचं काय ते थेट साइटवरच बघा.

गोदाकाठ:
अनुभवाबद्दल मी जरा वेगळं सांगते, कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो. इतकी वर्षं काम केलंय म्हणून इतकी सूट, असा हिशोब नसतो. ते आधी तुमची डिग्री उलगडून बघतात, कुठल्या विषयात काय शिकलात, आणि शिकताना देखरेखीखाली पेशंट किती तास हाताळले. किमान 1,025 तास लागतात आणि ते मस्क्युलोस्केलेटल (हाडं-स्नायू), न्यूरो (मेंदू-मज्जातंतू), कार्डिओरेस्पिरेटरी (हृदय-फुफ्फुसं) असे तिन्हीकडे असावे लागतात. त्यात काही कमी पडलं तर ते नेमकं कशात ते कळवतात, आणि प्रायर लर्निंग तिथे कामाला येतं. म्हणजे ऑर्थोची ओपीडी वर्षानुवर्षं केली आणि खड्डा निघाला कार्डिओत, तर त्या ऑर्थोच्या लेटरचं लोणचं घालायचं.

आता कामाचं. आपल्याकडे तास भरपूर भरतात हो, फक्त कागदावर येत नाहीत. मला कॉलेजातून पहिलं पत्र मिळालं त्यात एक ओळ होती, रोटेटरी इंटर्नशिप सहा महिने समाधानकारकरीत्या पूर्ण. बास. आयसीयूत चेस्ट फिजिओ केलं, स्ट्रोकच्या पेशंटला उभं करायला शिकवलं, त्याचा उल्लेखच नाही. म्हणून विभागवार लिहून मागा, मेडिसिन आणि आयसीयू इतके तास, न्यूरो इतके, ऑर्थो इतके, पेडिॲट्रिक इतके, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या क्लिनिकल पोस्टिंगचे वेगळे. हेडची सही, शिक्का, तारीख. सिलॅबस तुमच्या बॅचला लागू होता तोच, नंतरचा सुधारित नको. लॉगबुक अजून असेल तर सोन्यासारखं जपा. कागद युनिव्हर्सिटीकडूनच थेट जावे लागतात, तुम्ही स्कॅन करून पाठवले तर चालत नाहीत, तेव्हा नाशिकला खेपा घालायला भाऊ, दीर, कोणीतरी चिवट माणूस नेमा.

स्पष्टवक्ता_टोरांटो:
गोदाकाठशी सहमत. एक भर घालतो, कन्सल्टंटच्या नादी लागू नका, फाइल मजबूत करून देतो म्हणून पैसे घेतात आणि करतात काय तर तुमचेच कागद लावून देतात. तोवर क्लिनिकमध्ये फिजिओथेरपी असिस्टंट म्हणून काम मिळतं, पगार कमी पण इथली चार्टिंग (पेशंटच्या नोंदी), इन्शुरन्सचे फॉर्म, पेशंटची कन्सेंट घ्यायची पद्धत अंगवळणी पडते. फक्त स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेऊ नका, कार्डवरसुद्धा नाही, रजिस्ट्रेशनशिवाय ते बेकायदेशीर आहे. ब्रिजिंगचं (राहिलेली कमी भरून काढणारा कोर्स) म्हणाल तर टोरांटो युनिव्हर्सिटीचा बाहेरून आलेल्या फिजिओंसाठीच कोर्स आहे, मला तो पैशांच्या मानाने पटला, पण सगळ्यांना लागतोच असं नाही.

लेस्टरवाली:
मी यूकेत, एचसीपीसीवाली (तिकडे फिजिओंची नोंदणी करणारी संस्था). इकडे परीक्षा नाही, सगळं कागदावर, आयईएलटीएस लागली तर एकूण 7 आणि कुठल्याच भागात 6.5 च्या खाली नको. पण रजिस्ट्रेशन झालं तरी एनएचएसचा (इथली सरकारी आरोग्यसेवा) पहिला जॉब मिळेपर्यंत नाकी नऊ येतात, त्यामुळे इकडे सोपं म्हणून तिकडचं सोडून येऊ नका ताई.

ब्रॅम्प्टनची_नवी:
सगळ्यांचे मनापासून आभार! यूके वगैरे डोक्यातसुद्धा नाही हो, इथेच करायचंय. दादाला नाशिकला पाठवते. गोदाकाठताई, आमच्या वेळच्या एचओडी मॅडम रिटायर झाल्यात, मग तासांच्या पत्रावर सध्याच्या हेडची सही चालेल का?

गोदाकाठ:
चालावी, माझ्या वेळी चालली होती. आत्ताच्या हेडनी कॉलेजच्या रेकॉर्डवरून लिहून द्यायचं, लेटरहेडवर, आणि तुमची बॅच न् सीट नंबर घालायला सांगा. फक्त सीएपीआरला एक मेल टाकून विचारून ठेवा, उत्तर लेखी आलेलं बरं.