सामाईक घर ग्रुप : हद्दवाढीची नोटीस

नंदूकाका (गाव): चावडीवर नोटीस लागली आहे, फोटो टाकलाय. नगरपरिषदेची हद्द वाढणार आणि यादीत आपला गाव आहे. हरकत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यायची. सगळ्यांनी नीट वाचा, नुसते अंगठे दाखवू नका.

सुधीरदादा (बोरिवली): 👍

नंदूकाका: सुधीर!

वैशालीवहिनी (ठाणे): काका, फोटो धूसर आलाय, परत पाठवा. पण हे चांगलंच ना? शहरात गेलो तर रस्ता होईल. गणपतीला सगळं सामान डोक्यावर घेऊन पाखाडी उतरायला नको.

नंदूकाका: वैशाली, शहरात गेलं की पाखाडीचा रस्ता होतो असं काही नाही. शहराच्या टोकाच्या वाड्यांत जाऊन बघ एकदा. मे महिन्यात तिकडे नळाला एक दिवसाआड पाणी. आपली विहीर निदान आपली आहे.

सुधीरदादा: काका, पाणी राहू दे बाजूला. समुद्राकडच्या बागेचा भाव बघा कुठे जातो ते. कालच एका एजंटशी बोललो. म्हणाला, हद्दीत आलात की सीआरझेड-2 (किनारपट्टी नियमन क्षेत्राचा दुसरा वर्ग) लागतं, मग बंगला बांधा नाहीतर रिसॉर्ट.

अनघा (रत्नागिरी): दादा, त्या एजंटाने नकाशा कुठला बघितला ते विचार. दिवसभर हेच ऐकते मी ऑफिसात. 2019 च्या अधिसूचनेत सीआरझेड-2 म्हणजे नुसती पालिकेची हद्द नव्हे. अस्तित्वात असलेल्या हद्दीतला, बऱ्यापैकी बांधलेला भाग लागतो. एकूण प्लॉटांपैकी निम्म्याहून जास्त प्लॉटांवर बांधकाम हवं, शिवाय गटारं, रस्ते हवेत. आपल्या बागेत माड, पडका गोठा आणि तुमची क्रिकेटची पट्टी. ती सीआरझेड-3 मध्ये आहे, हद्द वाढली म्हणून आपोआप 2 मध्ये उडी मारत नाही. किनारा व्यवस्थापनाचा जो मंजूर आराखडा आहे त्यावर ते ठरतं.
आणि 3 मध्येही दोन भाग आहेत. 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असेल तर 3-अ, तिथे भरतीरेषेपासून 50 मीटर ना-विकास, म्हणजे बांधकामाला बंदी. त्यापेक्षा विरळ असेल तर 3-ब, तिथे 200 मीटर. आपल्या वाडीत शिमग्यालासुद्धा एवढी माणसं नसतात.

सुधीरदादा: म्हणजे बागेत काहीच होणार नाही?

अनघा: 200 मीटरच्या आत जे आज होत नाही ते उद्याही होणार नाही. घरपट्टी मात्र शहराची येईल.

सुभाआत्या (पुणे): नंदू, सातबाऱ्यावर माझं नाव आहे ना अजून?

नंदूकाका: आहे गो. सातबारा, आठ-अ काही बदलत नाही. ती महसुलाची दप्तरं, तलाठ्याकडेच राहतात. मालकीला धक्का नाही. बदलतं ते एवढंच की घरपट्टी कोण लावणार आणि बांधकामाची परवानगी कोण देणार.

वैशालीवहिनी: तलाठी नाही काका, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात 😄

नंदूकाका: म्हणू दे. सही तोच करतो.

मंगेश (कल्याण): कामावर होतो, आत्ता वाचलं सगळं. आमच्या 27 गावांचं ऐका. 1983 ला महापालिकेत घातलं, 2002 ला बाहेर काढलं, 2015 ला परत आत. 2020 ला त्यातली 18 गावं पुन्हा बाहेर काढायचा निर्णय झाला आणि तो हायकोर्टाने रद्द केला. नुसतं तळ्यात-मळ्यात. मधल्या काळात ज्यांनी घरं बांधली त्यांची परवानगी कोणाची धरायची यावर आजही भांडणं चालू आहेत. वसईकडच्या 29 गावांचंही असंच वर्षानुवर्षं भिजत घोंगडं होतं. तेव्हा काका, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण घराच्या परवानगीचा कागद, ग्रामपंचायतीचा ठराव, जुन्या पावत्या, सगळं आजच स्कॅन करून ठेवा. ग्रामपंचायत गेली की दप्तर वर्ग होतं आणि मग शोधत बसायचं.

सुधीरदादा: घरपट्टी एकदम वाढते का रे? पुण्यात आलेल्या गावांना टप्प्याटप्प्याने लावली असं ऐकलं.

मंगेश: ती सोय महापालिकांच्या कायद्यात आहे. आपली नगरपरिषद, तिला 1965 चा कायदा. आपोआप मिळेल असं धरून बसू नका, हरकतीतच मागा. शिवाय घरपट्टीच्या जोडीला शिक्षण कर, वृक्ष कर येतात. दुकान किंवा होमस्टे असेल तर रोजगार हमी करही.

वैशालीवहिनी: होमस्टे कोणाचा आहे आपल्यात? 👀

[हा मेसेज डिलीट करण्यात आला]

नंदूकाका: सुधीर, काय डिलीट केलंस?

केतन (पुणे): घरपट्टीवर एवढी चर्चा, पण मोठा आकडा दुसरीकडेच आहे. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर आयकर नाही, कारण ती भांडवली मालमत्ताच धरत नाहीत. 10 हजार किंवा जास्त लोकवस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीत जमीन आली की ही सूट गेली. हद्दीबाहेरही पट्टा असतो. शहराची वस्ती 10 हजार ते 1 लाख असेल तर 2 किलोमीटर, 10 लाखांपर्यंत 6, त्यापुढे 8. अंतर सरळ हवाई मोजतात, आपल्या घाटीतून वळसे घालत नाही.
गंमत अशी की हद्द वाढली की हा पट्टाही पुढे सरकतो. पलीकडच्या खाडीकाठच्या गावाला वाटतंय आपण यादीत नाही, सुटलो. त्यांची जमीन त्या 2 किलोमीटरमध्ये आली तर विकताना तेही करात.

सुधीरदादा: किती टक्के?

केतन: दीर्घ मुदतीला 12.5. आपल्यासारखी जुनी वडिलोपार्जित जमीन असेल तर महागाई निर्देशांक धरून 20 टक्क्यांचा हिशेब करून जे कमी पडेल ते घेता येतं. 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो, त्यासाठी मूल्यांकन करून ठेवलेलं बरं. आंब्याच्या कलमांच्या उत्पन्नाचा यात संबंध नाही. हापूसचे पैसे शेतीउत्पन्नच राहतात.

नंदूकाका: हापूसचे पैसे म्हणतोय. या वर्षी तुडतुड्याने काही ठेवलंय का.

अनघा: विकायचं नाही असं म्हणणाऱ्यांनीही एक बघा. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग किंवा दुसऱ्या कशासाठी जमीन गेली तर? 2013 च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण जमिनीच्या बाजारमूल्याला 1 ते 2 पर्यंत गुणक लावता येतो, शहरी भागात तो 1 च. वर 100 टक्के दिलासा रक्कम. म्हणजे 2 चा गुणक मिळाला तर चौपट, शहरात दुप्पट. शहराचा रेडी रेकनर (जमिनीचा सरकारी दर) जास्त म्हणून भरपाई होते असं सांगतात, पण हद्द आज बदलली आणि रेकनर मागे राहिला तर मधल्यामध्ये आपण मार खाणार.

सुभाआत्या: अरे मग तोटाच तोटा आहे सगळा. देवगड-जामसंड्यासारखी आपली आपण नगरपंचायत मागू.

नंदूकाका: आत्या, ते तालुक्याचं ठिकाण. आपल्याकडे एसटीचा थांबासुद्धा विनंतीवरचा आहे.

अनघा: सगळा तोटा नाही आत्या. वरच्या सड्याची, म्हणजे कातळपठाराची, जमीन उद्या विकास आराखड्यात रहिवासी दाखवली तर तुकडेबंदी तिथे लागू होत नाही. पाचही हिश्शांचे वेगळे छोटे प्लॉट पडू शकतात, जे आज करता येत नाही. आणि तशा जमिनीला बिगरशेतकरी गिऱ्हाईकही चालतं, कूळकायद्याची आडकाठी राहत नाही.

सुधीरदादा: हे बघा! हेच तर मी म्हणतोय.

नंदूकाका: म्हणजे गडग्याच्या पलीकडे कोणी येऊन बसेल ते आपल्याला ओळखीचं असेलच असं नाही.

अनघा: आणि त्याच आराखड्यात बागेवर बगीचा किंवा वाहनतळाचं आरक्षणही पडू शकतं. आराखडा अंतिम झाल्यावर 10 वर्षांत जमीन घेतली नाही तर खरेदीची नोटीस देता येते, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. तोवर तुम्ही घाला फेऱ्या. म्हणून आराखड्याच्या प्रारूपाला हरकत घ्यायची वेळ येईल ती चुकवायची नाही. झाडांचंही सांगते. आंबा-फणस तोडायला आजही परवानगी लागते, पण शहरात माड तोडायलासुद्धा वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज.

वैशालीवहिनी: घरावर वाकलेला तो माड मग आधीच काढा 🙏

नंदूकाका: तो तुझ्या सासऱ्यांनी लावलेला आहे.

मंगेश: ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला तर थांबतं का?

नंदूकाका: वजन असतं, पण शेवटचा शब्द सरकारचा. ग्रामसभा शनिवारी आहे. रोहयोतली फळबाग लागवड, ग्रामीण घरकुल हे सगळं जाईल म्हणून वाडीतले बरेच जण विरोधात आहेत. बाजारपेठेजवळचे बाजूने आहेत. मी विरोधात सही करणार. पण हरकतीत नुसतं "विरोध" लिहून भागत नाही. घरपट्टी टप्प्याने हवी, पाणी आणि रस्ता आधी, समुद्राकडचा पट्टा वगळावा, असं मुद्द्यांनी लिहू. अनघा, कच्चा मजकूर तू कर.

सुधीरदादा: माझी सही बाजूने. सड्यासाठी.

नंदूकाका: दे ना. तुझा हिस्सा, तुझं मत. पण तुझं पत्र तू लिही, एजंटाकडून लिहून घेऊ नको.
आता महत्त्वाचं. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला (घरपट्टीच्या नोंदवहीत) घर अजून अप्पांच्या नावावर आहे. नगरपरिषद आली की नव्याने मोजणी, नवी आकारणी, आणि नोटीस अप्पांच्या नावाने बंद घराला चिकटणार. तुम्ही गणपतीला याल तेव्हा हरकतीची मुदत गेलेली असेल. वारसांची नावं आत्ताच लावून घेऊ. अप्पांच्या मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत कोणाकडे आहे?

सुभाआत्या: माझ्याकडे. लोखंडी कपाटात. गौरीला येताना घेऊन येते.

नंदूकाका: गौरीपर्यंत थांबायचं नाही. उद्या कुरिअर कर.