मदत हवी आहे: मांजर अडलीय, पिल्लाचं नुसतं शेपूट बाहेर आलंय, ओढू का?

रात्री 11.05

घाईत लिहायलेय, चुका पोटात घाला. आम्ही जिंतूर तालुक्यात शेतातल्या वस्तीवर राहतो. चिंगी दीड वर्षाची, पहिलीच वेळ. खोक्यात जुनं लुगडं अंथरून दिलं होतं, ते सोडून बया कापसावर चढली. (भाव येईल म्हणून मधल्या खोलीत भरून ठेवलाय. अजून यायलाय.)

सव्वानऊला पहिलं झालं. ते नीट आहे, पितंय. साडेदहापासून परत कळा द्यायलीय, अंग ताणून, जोरात. दहा मिनिटांपासून काळं शेपूट दिसायलंय. कळ आली की बोटभर पुढं, कळ गेली की परत आत. पाय दिसत नाहीत.

आत्या म्हणतात ओढ, आपण वासरं नाही का ओढली. शेजारच्या काकांनी म्हशीला पान्हा सोडायला देतात ते इंजेक्शन आणून ठेवलंय, थोडंसंच टोच म्हणाले. हे रात्रीच्या लाईटीवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेत, गाडी त्यांच्याकडं. परभणी चाळीसेक किलोमीटर. ओढू का नको, एवढंच सांगा कुणीतरी.

गोठेवाली, 11.08
ताई, ते इंजेक्शन आधी लांब ठेवा. ऑक्सिटोसिन आहे ते. पिल्लू वाटेत अडकलेलं असताना गर्भपिशवी आवळली तर पिशवीच फाटू शकते. डॉक्टरसुद्धा वाट मोकळी आहे का बघूनच देतात, तेही अगदी थोडं. आणि शेपटाला धरून ओढायचं नाही, काही झालं तरी.

औषधवाला, 11.11
ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावा, व्हिडिओवर दाखवा. 1962, जनावरांच्या डॉक्टरांची सरकारी हेल्पलाईन, ती पण लावून बघा. जोराच्या कळा वीस-तीस मिनिटं चालू आणि पिल्लू नाही, म्हणजे थांबण्यात अर्थ नाही. तुमची ती वेळ उलटून गेलीय.

पायाळू पिल्लू मांजरीत नवलाचं नसतं, दहातली तीन-चार मागच्या पायांनीच येतात आणि सुखरूप येतात. तुमचं अडलंय कारण त्याचे पाय पोटाखाली दुमडलेत, म्हणून ढुंगण पुढं आलंय. डॉक्टर फोनवर हो म्हणाले तरच: नखं काढा, हात साबणानं धुवा, कडेनं व्हॅसलिन लावा. कोरड्या सुती फडक्यात पिल्लाचं कंबरडं धरायचं. कळ येईल तेव्हाच, खालच्या दिशेनं, हळू. कळ थांबली की तुम्हीही थांबा. वासराला लावता तो जोर इथं चालत नाही, अख्खं पिल्लू शंभर ग्रॅमचं असतं.

धागाकर्ती, 11.52
झालं. डॉक्टरांनी तिसऱ्या रिंगला उचलला. आत्यांनी बॅटरी धरली. करंगळीनं कडेकडेनं चाचपलं तर एक पाय लागला, मग दुसरा. दोन कळांत कंबर आली, तिसरीला सगळं सुटलं.

पण हालचाल नाही. तोंडावरचा पडदा फाडला तर ओल्या नाकाला कापूस चिकटून बसला, दोन्ही नाकपुड्या बंद. तो चिमटीनं काढता काढता माझाच श्वास अडकला. डॉक्टर म्हणाले डोकं खाली करा आणि टॉवेलनं चोळत राहा, झटके देऊ नका. आत्यांनी माझ्या हातातनं घेतलं आणि पदरानं असं चोळलं की मला वाटलं कातडं निघतंय. चार-पाच मिनिटांनी शिंकल्यासारखं झालं, मग बारीक चीं. नाळ पोटापासून इंचभर सोडून उकळलेल्या दोऱ्यानं बांधली.

आता पोटात अजून एक हाताला लागतंय, पण कळा बंद. ती निवांत पडलीय, दोघांना चाटायलीय. थांबू का ह्यांना बोलावून निघू?

गोठेवाली, 11.58
निवांत आहे, पाजतेय, तर थांबा. मांजर मधे अशी विश्रांती घेते, कधी कधी दिवसभरसुद्धा. हिरवट, घाण वासाचं पाणी गेलं, रक्त थांबेना, मान टाकली किंवा नुसत्याच कळा सुरू झाल्या तर मात्र लगेच गाडी काढा. सकाळी दाखवाच. आणि थंडी आहे, बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून पिल्लांजवळ ठेवा. गाईचं दूध पाजू नका, ताप-दुखण्याची माणसांची गोळी तर अजिबात नाही, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

धागाकर्ती, सकाळी 8.40
तिसरं चार वाजून वीस मिनिटांनी झालं, आपलं आपण. मी झोपेतच होते, हे शेतातनं आले तेव्हा कळलं. वार दोनच दिसल्या, तिसरी तिनं खाल्ली असावी असं डॉक्टर म्हणाले, तरी आज पोट तपासणार आहेत. किराणाच्या काट्यावर तिघं 96, 82 आणि 101 ग्रॅम. 82 वालं ते अडलेलं. आत्यांनी त्याचं नावच पायाळू ठेवलंय, कंबर धरली की त्याचीच लाथ मारून घेणार म्हणतात.

इंजेक्शन काकांना परत दिलं. ते म्हशीलाही नका देऊ म्हणायचं होतं, पण सकाळी सकाळी जीभ वळली नाही.

एक राहिलं. खोक्यात हलवलं की ती पिल्लू तोंडात धरून परत कापसावर जायलीय. व्यापारी गुरुवारी माप घ्यायला येणार. कुणाची मांजर असं करत असेल तर काय केलंत?