भिंतीतून झिरपणारा उजेड

एचओ म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेच्या स्टेशनात एलईडी लावला की भिंतीच कंदिलासारख्या उजळतात, काय करावं, असं एकाने विचारलंय. प्लॅस्टिक पातळ असतं. आतून काळ्या रंगाचे दोन हात द्या, त्यावर क्रीम. कोपऱ्यांच्या फटीही काळ्या करा, उजेड तिथूनच जास्त निसटतो.

१२ व्होल्टवर १ किलोओहमच्या रेझिस्टरने (वीजप्रवाह रोखणारा छोटा भाग) वॉर्म व्हाइट एलईडीत साधारण ९ मिलिअँपिअर जातात; १:८७ च्या खोलीत ते डोळ्यांत खुपतं. ४.७ किलोओहमचा लावा, २ मिलिअँपिअर पुरतात.

खिडक्यांना सुपरग्लू नको, वाफेने काच पांढुरकी होते. कडेने फेव्हिकॉल पुरे. छप्पर मात्र चिकटवू नका, छोटे चुंबक बसवा. कधीतरी वायर सुटतेच.

तिकीट खिडकीमागचं टेबल काचेलगत ठेवा. मागच्या भिंतीला कपाटाचा छापील फोटो चालतो, तिथे कपाटाच्या कड्या कोण बघतंय!