बीआरएफ फाईल एम्बॉस करताना ओळी तुटतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी पाचवीत आहे. तिला जन्मापासून दिसत नाही, पण बोटांनी भराभर वाचते. घरी २० सेलचा ब्रेल डिस्प्ले आहे (सेल म्हणजे एका ब्रेल अक्षराची जागा; डिस्प्लेवर ठिपके वर येतात आणि ओळ बोटांनी वाचता येते). मेमरी कार्डावर बीआरएफ, म्हणजे ब्रेलमध्ये तयार केलेली फाईल टाकून दिली की तासभर गोष्टीत रमते. तिथे काहीच अडचण नाही. अडचण आहे ती तीच गोष्ट कागदावर काढताना.

ऑडिओ पुस्तकं आहेत की, असं बरेच जण सांगतात. ती ऐकतेही आवडीने. पण सहामाहीत तिने ‘पाणी’ आणि ‘वीट’ दोन्ही शब्द ऱ्हस्व लिहिले. नुसतं ऐकून वेलांटी कशी कळणार? ब्रेलमध्ये पहिली वेलांटी म्हणजे सेलमधले २ आणि ४ नंबरचे बिंदू आणि दुसरी म्हणजे ३ आणि ५, बोटाखाली अगदी वेगळ्या लागतात. डिस्प्लेवरही त्या कळतात, पण तिथे एका वेळी अर्धीच ओळ येते. कागदावर तिचा उजवा हात ओळ संपवत असतो तेव्हा डावा खालच्या ओळीची सुरुवात शोधून थांबलेला असतो. मला तिला तसं वाचू द्यायचं आहे.

एका संस्थेने रविवारी त्यांचा एम्बॉसर, म्हणजे कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारं मशीन, वापरायची परवानगी दिली आहे. सुटे कागद घेणारा आहे. पहिल्या रविवारी मी फाईल नोटपॅडमधून नेहमीसारखी प्रिंटला दिली आणि नुसता ठिपक्यांचा कचरा आला. फाईल प्रिंटरच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधून न जाता जशीच्या तशी मशीनला पाठवावी लागते, हे तिथल्या सरांनी दाखवलं.

आता अक्षरं बरोबर येतात, पण ओळी तुटतात. फाईल ४० सेलची ओळ आणि २५ ओळींचं पान अशी बांधलेली आहे. फुटपट्टी लावून बघितलं, एका सेलपासून दुसरा साधारण ६ मिलिमीटरवर आणि ओळीपासून ओळ १० मिलिमीटरवर. म्हणजे ए-फोरच्या रुंदीत जेमतेम ३२ सेल. उरलेले आठ सेल खालच्या ओळीवर एकटे पडतात, त्याखाली पुन्हा लांब ओळ, पुन्हा तुकडा. शिवाय फाईलमधली पान संपल्याची खूण दुसऱ्या कागदावर भलतीकडेच येते आणि खालचा भाग कोरा राहतो. लेकीने पहिल्या पानावरून हात फिरवला आणि विचारलं, “आई, ही कविता आहे का गं?” गोष्ट होती ती.

मूळ मजकूर माझ्याकडे नाही, फक्त बीआरएफ आहे. ती नोटपॅडमध्ये उघडली की ‘शाळा’ हा शब्द %>_> असा दिसतो. टक्क्याचं चिन्ह म्हणजे श, अंडरस्कोर म्हणजे ळ, इतकं आता ओळखता येतं. ओळी ३० सेलच्या कशा करायच्या? एकेक ओळ हाताने जोडत बसले तर जन्म जाईल. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, आधी मशीनमध्ये किती रुंद कागद जातो ते मोजा. २८ सेंटिमीटरचा जात असेल तर फाईलला हातच लावू नका. ए-थ्री कागद ४२ × २९.७ असतो. तो २८ × २९.७ असा कापून घ्या. ४० सेल म्हणजे २४ सेंटिमीटर आणि २५ ओळी म्हणजे २५, दोन्ही समासासकट बसतात. मशीनच्या सेटिंगमध्ये कागदाचं माप बदलायला मात्र विसरू नका. आणि ऑफिसातला ८० जीएसएमचा पातळ कागद नको, चार वाचनांत ठिपके बसतात. १४० ते १६० चा घ्या.

प्रतिसाद २

रुंद कागद जात नसेल तर फाईल सोडवावी लागेल. ब्रेलमध्ये परिच्छेद तिसऱ्या सेलपासून सुरू होतो, म्हणजे सुरुवातीला दोन जागा कोऱ्या असतात. त्या नसतील तर ती ओळ आधीच्या ओळीला जोडायची. हे काम फाइंड-रिप्लेसने दहा मिनिटांत होतं. त्याआधी पृष्ठक्रमांकाच्या ओळी आणि पानाच्या खुणा काढून टाका, नाहीतर त्या वाक्यात घुसतील. शीर्षकं आणि कविता तेवढ्या हाताने तपासा.

सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातही हेच पुस्तक बघा. मुलीची नोंदणी नसेल तर करून घ्या. ईपब किंवा डेझी या ई-पुस्तकाच्या प्रकारांत मजकूर युनिकोड असेल तर लिबलुईस या ब्रेल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी तक्त्याने हव्या त्या मापाचं ब्रेल नव्याने करता येतं. प्रकाशकाकडून जुन्या फॉन्टमधली फाईल मिळाली तर ती आधी युनिकोडमध्ये न्यावी लागते. आणि जोडाक्षरं मुलीकडून वाचून घ्या. ‘शब्द’मध्ये हलन्ताचा, म्हणजे अक्षराचा पाय मोडल्याचा, एकटा ४ नंबरचा बिंदू ‘ब’च्या आधी यायला हवा, नंतर नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सरांना फोन केला, त्यांच्या मशीनमध्ये २९ सेंटिमीटरपर्यंत कागद जातो! उद्या प्रेसवाल्याकडून १४० जीएसएमचे ५० कागद कापून आणते. लेकीला सांगितलं तर म्हणाली, आधी तीच गोष्ट काढ, शेवट राहिलाय. रविवारी पहिलं पान निघालं की इथे कळवते.