मदत हवी आहे: मामांची शुगर, एकादशीचा उपास आणि सहा जणांचा एकच स्वयंपाक

नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सासऱ्यांना (आम्ही मामा म्हणतो, वय ६४) दहा वर्षांपासून शुगर आणि बीपी आहे. परवा तीन महिन्यांची शुगर ८.९ आली, बीपी १५०/९४. मिस्टरांचीही तपासणी करून घेतली, तर उपाशीपोटी ११६. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात." ते अवघे ३८ वर्षांचे आहेत, म्हणून जास्त भीती वाटते.

दवाखान्यातून छापील आहारतक्ता मिळाला. त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. आमच्या बाजारात मेथी, अंबाडी, चुका, करडईची भाजी मिळते, त्यातलं एकही नाव तक्त्यात नाही. मामांनी तो वाचला आणि घडी घालून देवघरात ठेवून दिला.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी असायची. आता रानात सगळं सोयाबीन. ज्वारी विकत आणावी लागते आणि रेशनचे गहू-तांदूळ फुकट मिळतात. त्यामुळे सकाळी पोळ्या, रात्री वरण-भात. गुडघ्यांमुळे मामांचं रानात जाणं सुटलं, जेवण मात्र तेवढंच राहिलं.

सगळ्यात मोठी काळजी एकादशीची. मामा माळकरी आहेत. सकाळी शुगरची ग्लिमेपिराइड ही गोळी घेतात, दुपारपर्यंत नुसता चहा, मग साबुदाण्याची खिचडी. मागच्या एकादशीला अकराच्या सुमारास दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले. साखरेचं पाणी पाजल्यावर सावध झाले. संध्याकाळी मोजली तर २८०! उपास सोडा असं मी त्यांना म्हणू शकत नाही, म्हणावंसंही वाटत नाही.

मीठ कमी करा म्हटल्यावर त्यांनी सैंधव सुरू केलंय, ते बाधत नाही म्हणतात. हे खरं आहे का? आणि सासूबाईंना वेगळं शिजवणं पटत नाही, तर सगळ्यांना एकच चालेल असं काय करू?

प्रतिसाद १
ताई, मी आहारतज्ज्ञ आहे. आधी गोळीचं बोलू. घाम, थरथर म्हणजे शुगर उतरली होती. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन सोडायला लावते. उपासाच्या दिवशी ती किती आणि कधी घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारा, मनाने बंद करू नका. उपास राहू द्या, पण पोट रिकामं नको. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडी, थोडे शेंगदाणे द्या.

सैंधवातही सोडियमच असतं, बीपीसाठी ते साध्या मिठासारखंच. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. म्हणजे सहा जणांना एक किलोचा पुडा महिनाभर तरी पुरला पाहिजे, आणि लोणचं-पापडातलं मीठ वेगळंच. कमी सोडियमवालं मीठ आणायचं मनात असेल तर थांबा. त्यात पोटॅशियम असतं, आधी क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची तपासणी) बघायला लागतं.

मिस्टरांच्या बाबतीत मात्र वेळ हातात आहे. अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या अभ्यासात अशाच उंबरठ्यावरच्या लोकांना वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं उद्दिष्ट दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं.

प्रतिसाद २
परभणीहून लिहितोय. भाकरी सुरू करा, पण मोजून. माझ्या वडिलांनी पोळ्या सोडून चार-चार भाकरी खाल्ल्या आणि शुगर होती तिथेच राहिली. मग आईने ताट बदललं: आधी वाटीभर पालेभाजी आणि मटकीची उसळ, मग दीड भाकरी. सगळं घर तेच जेवतं. पहिले पंधरा दिवस वडील चिडचिड करायचे.

धागाकर्ती
खूप आभार. मिठाचा पुडा आमच्याकडे अठरा दिवसांत संपतो, म्हणजे माणशी नऊ ग्रॅमच्या वर! उसळी रोज करीन. मामांच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन १.६ लिहिलंय. तुम्ही म्हणता ते हेच का?

प्रतिसाद १
हेच, आणि वाढलेलं आहे, म्हणजे किडनी मंदावलेली असू शकते. तेव्हा मामांच्या ताटात डाळी-उसळी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, बाकीच्यांनी खुशाल खा. किडनी मंदावली की ही गोळी अंगात जास्त वेळ राहते, घाम येण्यामागे तेही असू शकतं. पुढच्या एकादशीची वाट पाहू नका. रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घालून उद्याच घेऊन जा.