खुराडं तयार घ्यावं की बांधावं?

कोंबड्यांसाठी खुराडं तयार घ्यावं की स्वतः बांधावं, असं तुम्ही विचारलंत. त्यावर कोणीतरी म्हटलंय की तयार खुराडं आणलं की कटकट संपते. संपत नाही हो, पुढे ढकलली जाते.

तयार खुराड्यावर 'सहा कोंबड्यांसाठी' असं लिहिलेलं असतं, ते फारसं मनावर घेऊ नका. आत दर कोंबडीमागे साधारण 4 चौरस फूट आणि बाहेर फिरायला 8 ते 10 चौरस फूट धरून भागाकार स्वतःच करा. बहुतेक वेळा सहाच्या तीन होतात. दाटी झाली की एकमेकींची पिसं उपटणं सुरू.

माझं पहिलं खुराडं तयारच होतं. दिसायला अगदी बाहुलीचं घर! पहिल्याच पावसात तळाची फळी फुगली. दुसरं स्वतः बांधलं, तीन शनिवार-रविवार त्यात गेले (आणि एक नखही). पण उभं राहून झाडता येईल एवढी उंची ठेवली. रोज वाकून विष्ठा खरवडली की याची किंमत कळते.

घ्या किंवा बांधा, जाळी मात्र तपासा. पातळ षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकारी जनावराला बाहेर नाही. अर्धा इंच भोकांची वेल्डेड (तारा सांध्यांवर पक्क्या जोडलेली) जाळी लावा आणि तळाशी फूटभर बाहेरच्या बाजूला आडवी पुरा, म्हणजे उकरून आत शिरता येत नाही. हवेचे झरोके कोंबड्यांच्या बसायच्या दांडीच्या वर हवेत. ओल आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू कोंबडीला थंडीपेक्षा जास्त छळतात.

सुतारकामाची सवय नसेल तर तयार सांगाडा घेऊन जाळी आणि कड्या तेवढ्या बदला. कोंबड्या किती पाळणार, ते लिहिलं नाहीत तुम्ही.