सॉल्ट मार्श म्हणजे खाजण की खार?

जाईजुई: चौल-रेवदंड्याच्या सहलीचं माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत करतेय आणि एका शब्दावर दोन दिवस अडकलेय. जुनं बंदर, किल्ला, बीच सगळं झालं, पुढे येतं सॉल्ट मार्श, म्हणजे भरतीचं खारं पाणी येतं ती चिखलाची जमीन. मी सरळ 'खाजण' लिहिलं तर तपासणाऱ्या बाई म्हणतात खाजण म्हणजे भातशेती, 'क्षारयुक्त दलदल' करा. दलदल वाचून कोण फिरायला येणारे? मी स्वतः जाऊन आलेय, ओहोटीला नुसता काळा चिखल, त्यावर निवट्या (चिखलातले मासे) टुणटुण उडतायत, कडेला तिवरांची झाडं. काय लिहू?

खारेपाटकर: भातशेती ती खार. आमच्या अलिबाग-पेणकडे बांधाच्या आत खार, बाहेर खाजण, संपला विषय. बांधाला उघाडी म्हणजे पाणी सोडायचं दार असतं, सुकतीला म्हणजे ओहोटीला आतलं पाणी निघून जातं आणि भरती आली की झडप पाण्याच्या जोरानेच बसते. बांधाला खांड म्हणजे भगदाड पडली आणि वेळेत बुजवली नाही की काही वर्षांत खारीचं परत खाजण. आजोबांची जमीन अशीच गेली, आता तिथे छातीएवढी तिवरं आहेत आणि सातबाऱ्यावर अजून भात.

मांडवीकाठ: विषय संपला कसा? गोव्यात खाजन म्हणजे बांधाच्या आतलीच शेती, आणि तुमच्या उघाडीला आम्ही मानस म्हणतो. बाई आमच्याकडच्या असणार :)

शुद्धमती: दोन्ही प्रादेशिक शब्द आहेत, अर्थही उलटसुलट. माहितीपत्रकात प्रमाण शब्द हवा. 'लवणकच्छ' चालेल, कच्छ म्हणजे संस्कृतात पाणथळ काठच. आणि 'बीच' कशाला, पुळण आहे ना?

खारेपाटकर: लवणकच्छ!! विचारा कुणा कोळ्याला लवणकच्छ कुठंय, तो तुम्हाला गुजरातच्या एसटीत बसवून देईल. १९३३ ला अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, सहा वर्षं शेतं कसली नाहीत, ती खारेपाटातलीच, म्हणजे खारींच्या पट्ट्यातलीच जमीन. ज्या शब्दावर माणसं उपाशी राहिली तो प्रमाण नाही म्हणता?

शुद्धमती: संपाबद्दल आदरच आहे, पण त्याने अनुवादाचा प्रश्न सुटत नाही. शिवाय तो संप खारीचा, शब्द हवाय खाजणाला.

भटक्या७७: पुळणीबद्दल एक. माझी आजी फक्त वरच्या भुसभुशीत वाळूला पुळण म्हणायची, दुपारी पाय भाजतात ती. पाण्याजवळच्या घट्ट ओल्या वाळूला नाही. त्यामुळे बीच = पुळण मला तरी पटत नाही. बाकी आम्ही लहानपणी समजायचो की तिथे गेलं की अंगाला खाज सुटते म्हणून खाजण, आणि सुटायचीही.

जाईजुई: हाहा. पण मग मी 'भरतीचं पाणी येतं ती खाजणं' असं फोडून लिहू का? गोव्याचा वाचकही गोंधळणार नाही.

मांडवीकाठ: ते बरंय. पण 'कांदळवन' का नाही? सरकारी पाट्यांवर तेच असतं.

खारेपाटकर: कांदळवन म्हणजे झाडी. खाजणात झाडं असतील नाहीतर नुसता चिखल आणि खुरटं गवतही असेल. झाडं बघून जमिनीचं नाव ठेवू नका.

भटक्या७७: विषय निघालाच आहे तर रेवदंडा कशावरून? रेवतीक्षेत्रावरून सांगतात. मला वाटतं रेवेचा दांडा, समुद्र आणि खाडीच्या मधे वाळूची पट्टी असते ना तो दांडा. मुंबईतलं खारदांडा बघा, खार पण आणि दांडा पण!

शुद्धमती: दंडा आणि दांडा एक नव्हेत. 'आ'कार असा लहरीप्रमाणे येत-जात नाही.

खारेपाटकर: आमच्याकडे रोज येतो-जातो. म्हातारी माणसं रेवदांडाच म्हणतात.

शुद्धमती: म्हणत असतील, पण उच्चार म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. आणि रेवती नक्षत्र की बलरामाची बायको, ते आधी ठरवा.

भटक्या७७: बलरामाची. नक्षत्राचा काय संबंध?

जाईजुई: अहो, पत्रक उद्या छापायला जातंय...

मांडवीकाठ: नक्षत्राचा संबंध आहे, थांबा, जेवून येऊन लिहितो.